चांदीचं निरांजन काळं पडलंय? घासू नकोस

अगं, ती टूथपेस्ट आधी बाजूला ठेव, आणि रांगोळीने तर मुळीच घासू नकोस. आजीच्या अत्तरदाणीवरची नक्षी मी तशीच घासून पुसट केली, त्याची हळहळ अजून आहे. काळेपणा म्हणजे गंधकामुळे चढलेला सल्फाइडचा थर. घासलं की त्याच्यासोबत चांदीही झिजते.

आधी साबणाच्या कोमट पाण्यात तूप-काजळी काढ. वात ठेवायच्या खळग्यात मऊ ब्रश फिरव, तिथेच चिकटा राहतो. मग काचेच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून निरांजन त्याला टेकेल असं ठेव. वरून लिटरभर कढत पाणी ओत आणि दोन चमचे खाण्याचा सोडा हळूहळू घाल, फेस येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नकोस, गंधक सुटतंय. पाचेक मिनिटांत पांढरी चांदी दिसायला लागते. खूपच काळं असेल तर ताजं पाणी घेऊन पुन्हा कर.

ऑक्सिडाइज्ड, खड्यांचे किंवा मोत्यांचे दागिने मात्र यात कधीच बुडवू नकोस.

धुऊन, मलमलीने लगेच कोरडं करून झिपच्या पिशवीत ठेव. रबरबँड नको, त्यातही गंधक असतं.