जूनमध्ये फुलं गेली कुठे?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळ राहतो. एप्रिलअखेर घरामागच्या जंगलात जमीनभर पिवळी, मान खाली घातलेली फुलं होती. पानांवर तपकिरी ठिपके. जूनमध्ये आईबाबा पुण्याहून आले, म्हणून हौसेनं त्यांना तिथे नेलं, तर फूल सोडाच, पानही नाही! कुणी उपटून नेली असतील का? – एक वाचक, वूस्टर

उत्तर : नाही हो, कुणी हात लावलेला नाही. तुम्ही तिघं उभे होतात त्याच जमिनीखाली ती सगळी कांद्याच्या रूपात होती. त्यांचं वर्ष संपलं होतं, एवढंच.

वर्णनावरून ही ट्राउट लिली. ट्राउट माशाच्या अंगासारखं ठिपकेदार पान, म्हणून हे नाव. पुढच्या वेळी वाकून पाहा : बहुतेक रोपांना एकच पान असतं आणि त्यांना फूल नसतं. दोन पानं असतील तिथेच फूल. त्या दुसऱ्या पानापर्यंत पोचायला रोपाला कित्येक वर्षं लागतात, कारण वर्षाची सगळी कमाई पाच-सहा आठवड्यांत करायची असते.

मीही अशीच फसले होते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि एका वर्षी एप्रिल ते जुलै लेकीकडे तुमच्याच राज्यात राहिले. आपलं गणित पावसाचं. वळीव पडला की रानहळद वर येते. तिथे पाण्याची ओढ नव्हती, मग फुलं गेली का, हे कळेना. शेवटी ह्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा काढला. रस्त्यावर उन्हात पांढरा रुमाल अंथरून मीटर पाहिला. उजेड जितका कमी, तितका फोटोला लागणारा वेळ जास्त, तो वेळ हा मीटर दाखवतो. उन्हात दाखवला सेकंदाचा पाचशेवा भाग. तोच रुमाल शंभर पावलं आत, मेपलखाली : सेकंदाचा पंधरावा भाग. म्हणजे जेमतेम तीन टक्के उजेड! एप्रिलमध्ये याच झाडांच्या नुसत्या काड्या होत्या आणि ऊन थेट जमिनीवर येत होतं. बर्फ वितळल्यापासून मेपल-ओकची पानं पसरेपर्यंतची ती फट. त्या फटीतच पान, फूल, बी सगळं उरकायचं. बियांना तेलकट बोंडूक असतं, त्याच्या लोभानं मुंग्या त्या ओढून नेतात.

ही फट आता आकसते आहे. तुमच्याच राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावी थोरो या लेखकानं 1850च्या दशकात पालवी-फुलांच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर झाडं आता सुमारे दोन आठवडे आधी पालवतात, खालची रानफुलं मात्र एकच आठवडा आधी येतात.

जूनमध्ये सावलीत जी रोपं टिकतात ती कवडशांवर. आपण सारवलेल्या भुईवर पाहायचो, तेच कवडसे. काही सेकंद पानावर थांबतात आणि सरकतात, पण सावलीतल्या रोपाला दिवसाचा निम्म्याहून अधिक उजेड त्यातूनही मिळू शकतो. नेच्यांचं भागतं त्यावर.

आईबाबा अजून तिथे असतील, तर ओलसर जागी तीन पानांचं जॅक-इन-द-पल्पिट शोधा. सह्याद्रीतल्या सापकांद्याचा हा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीगटातला. फूल आता सरलं असेल, पण नागाच्या फण्यासारखं असतं म्हटलं की बाबा ओळखतील. गंमत अशी, की याच्या कंदात साठा कमी असेल तर त्या वर्षी नर फुलं येतात. एखादं वरचं झाड पडून ऊन मिळालं, साठा वाढला, की पुढे तेच रोप मादी होतं. मादी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लालभडक फळांचा गुच्छ दिसेल. तोंडात घालू नका, कच्च्या अळूपेक्षा वाईट खाजतं.