‘मॅडम, एकच पुस्तक सांगा’

महिनाभराची पत्रं आणि मेल समोर घेऊन बसले आहे. खेड, दापोली, श्रीवर्धन, राजापूर, मुरूड. अक्षरं निरनिराळी, गोंधळ तोच. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असलेल्या मुसलमान मुलामुलींची ही पत्रं आहेत, काही त्यांच्या आयांची. ‘वाचायला काय आहे?’ असं पहिल्या ओळीत विचारतात आणि तिसऱ्या ओळीत कळतं की भलतंसलतं वाचून आधीच झोप उडालेली आहे. म्हणून एकदा बसून उत्तरं देते. मी समुपदेशक आहे. आलिमा (दीनचं रीतसर शिक्षण घेतलेली) नाही, वकील नाही, डॉक्टरही नाही. माझी हद्द संपेल तिथे तसं सांगेन. गावं आणि तपशील बदलले आहेत.

क्वीर म्हणजेच हिजडा ना? (खेड)

नाही. हिजडा ही गुरू-चेल्यांची परंपरा असलेली जमात आहे. क्वीर हा समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स अशा सगळ्यांसाठी वापरला जाणारा शब्द आहे.

मी मुलगा आहे, मला मुलगेच आवडतात, पाच वेळची नमाज पढतो. मॅडम, एकच पुस्तक सांगा, ज्यात सगळं असेल. (दापोली)

असं पुस्तक नसतं रे. क्रम सांगते, तो मात्र मोडू नकोस.

आधी मराठी. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला, त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी वाच. त्यात मोहल्ला नाही, मशीद नाही, हे खरं. पण स्वतःविषयी बोलायला आपल्या भाषेतले शब्द आधी तोंडात बसले पाहिजेत. आज तू मला लिहिलेल्या पत्रात स्वतःसाठी वापरलेला एकमेव शब्द शिवी आहे.

मग इतिहास. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली संपादित केलेलं ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’. किदवई लखनौचे, दिल्लीच्या कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवायचे, आणि स्वतः समलिंगी असल्याचं लपवत नसत. लाहोरचे सूफी शाह हुसैन आणि माधो लाल त्यात भेटतील. ‘हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलं’ असं म्हणणाऱ्या मामूंसाठी एवढं पुरे. इंग्रजी जड वाटली तर तुकड्या-तुकड्यांनी वाच, घाई नाही.

तिसरं, समरा हबीब यांचं २०१९ सालचं आत्मकथन. पाकिस्तानात जन्म, कॅनडात वाढ, घरच्यांनी ठरवलेलं लग्न, आणि मशिदीशी पुन्हा जुळलेलं नातं. हे रात्रीत संपतं.

इस्लामचे अभ्यासक स्कॉट सिराजुल हक कुगल हे सगळ्यात शेवटी. त्यांचं २०१४ सालचं पुस्तक पाच देशांतल्या मुसलमानांच्या मुलाखतींवर उभं आहे, ते आधी. २०१० सालचं ‘होमोसेक्शुअॅलिटी इन इस्लाम’ त्यानंतर. पैगंबर लूत अलैहिस्सलाम यांच्या किश्शात त्यांच्या लोकांना शिक्षा झाली ती बळजबरीला, पाहुण्यांवरच्या अत्याचाराला, असं ते मांडतात. बहुसंख्य उलेमांना हे मान्य नाही, हे आधीच माहीत असू दे. माझ्याकडे येणारी मुलं नेमकं हेच पुस्तक पहिलं उघडतात, दस्तरखानावर अब्बांशी वाद घालतात आणि हरतात. अब्बांनी चाळीस वर्षं कुरआन वाचलेला असतो, यांनी चार दिवस कुगल.

मी ट्रान्स मुलगी आहे. भाऊ रोज एक स्क्रीनशॉट पाठवतो: हदीसमध्ये अशांवर लानत आहे, घरातून हाकला म्हटलंय. हे खरं आहे का? (चिपळूणजवळ)

तू जोडलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. वर दोन बाण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेला. लाल वर्तुळात उर्दूची दीड ओळ, खाली ‘बुखारी’ (हदीसच्या संग्रहाचं नाव) एवढंच, आणि जिथे क्रमांक असायला हवा तिथे चित्र कापलेलं. या कापलेल्या चित्रांनी माझ्या खोलीत जेवढी मुलं रडली आहेत तेवढी मारानेही नसतील. त्यामुळे जरा लांब उत्तर देते, वाच.

हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनाची नोंद, खरी आहे. इब्न अब्बास यांची रिवायत (त्यांनी सांगितलेली), बायकांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या बायकांवर लानत, म्हणजे शाप, त्यांना घराबाहेर काढा. ‘असं काही नाहीच’ म्हणून कुणी गोड समजूत घातली असेल तर ती विसर, उद्या भाऊ किताब उघडून दाखवेल. पण त्याच बुखारीत आणि ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात दुसरी हदीस आहे. पैगंबरसाहेबांच्या पत्नी उम्मे सलमा यांच्या घरी एक मुखन्नस, म्हणजे बायकी चालीचा माणूस, ये-जा करायचा. त्याला बायकांत येऊ दिलं जात होतं. एकदा ताइफच्या एका बाईच्या अंगाचं वर्णन त्याने पुरुषासमोर केलं, ते पैगंबरसाहेबांच्या कानी पडलं, तेव्हा त्याचं येणं बंद झालं. त्याची चाल तर पहिल्या दिवसापासून तशीच होती.

या हदीसचा अर्थ कुणी लावला? इमाम नववी यांनी. (इयत्ता नव्हे. सीरियातल्या नवा गावचे म्हणून नववी, वफात १२७७.) सहीह मुस्लिमच्या शरहमध्ये, म्हणजे भाष्यात, ते मुखन्नसचे दोन प्रकार करतात. एक जन्मतःच तसा घडलेला: त्याच्यावर ना दोष, ना गुन्हा, ना शिक्षा, कारण ते त्याच्या हातचं नाही. दुसरा मुद्दाम सोंग आणणारा: लानत आहे ती याच्यासाठी. आणि हे नववी कोण? आपल्याच मसलकचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथाचे, इमाम! उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी, आपण कोकणी शाफई, हे आपल्या लग्नात-मयतीत आपण अभिमानाने सांगतो. यांचीच ‘रियाजुस्सालिहीन’ आपल्या मशिदींच्या कपाटात असते. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला मात्र ते आठवत नाहीत.

आता पुढचंही सांगते, नाहीतर मीही चित्र कापल्यासारखं होईल. इब्न हजर अस्कलानी, तेही शाफई, वफात १४४९, नववींच्या म्हणण्याला अट घालतात: जन्मतः तसा असला तरी त्याने ते हळूहळू सोडण्याचा प्रयत्न करावा, प्रयत्न करूनही सुटलं नाही तर मग दोष नाही. आणि हार्मोन किंवा शस्त्रक्रियेबद्दल या दोघांच्या लिखाणात काही शोधू नकोस, त्या काळी ते नव्हतंच. त्यासाठी लोक १९८८ सालचा इजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांचा फतवा पुढे करतात. तो इतका दोन्हीकडे झुकणारा आहे की दोन्ही बाजू तो आपलाच म्हणून नाचवतात.

मागे एका वयस्क मौलवीसाहेबांकडे मी हीच विचारणा घेऊन गेले होते. पडवीत बसवलं, आतून जाड किताब आणली, टॉवेलने पुसली, चष्मा बदलला. नववींचं ते पान अरबीत वाचलं, मग पुन्हा मनातल्या मनात वाचलं. बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, ‘‘हे मी शिकलो होतो. कुणी विचारलंच नाही.’’ आणि चहा मागवला. त्यांनी पुढे मत बदललं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी कुणाच्या फॉरवर्डवर मान डोलावलेली मी पाहिली नाही.

तेव्हा पुढचा स्क्रीनशॉट आला की भावाला तीन गोष्टी विचार: किताब कुठली, क्रमांक काय, शरह कुणाची. उत्तर येणार नाही. तू स्वतः मात्र शरह शिकलेल्या आलिमांना भेट, आणि सुरुवातीला स्वतःचं नाव न घेता किताबातला प्रश्न म्हणून विचार. भाऊ हात उगारत असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी मला किंवा वकिलाला कळव.

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून ‘मला मुलगेच आवडतात’ असं बोलतो. एका आमीलसाहेबांनी (झाडफूक करणाऱ्यांनी) असर, म्हणजे बाहेरची बाधा, सांगितला आहे, एकवीस हजारांत इलाज करतील. माझे दीर कुवेतहून सुट्टीवर येत आहेत, ते म्हणतात निकाह लावून टाका. (श्रीवर्धन)

आपा, दोन वर्षं! मूल दोन वर्षं सांगतंय आणि आपण पत्र आज लिहिताय.

हा आजारच नाही, तर इलाज कसला? इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर असेल तर तो गैरवर्तन करतो, असं २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने ठरवलं, मद्रास उच्च न्यायालयाने सांगितल्यावर. आमीलला तर कमिशनही लागू नाही, पावतीही नाही. दम केलेलं पाणी द्यायचं तर तुम्ही स्वतः दुआ करून द्या, फुकट आहे. एकवीस हजार ठेवून द्या, मुलाच्या फीला लागतील.

निकाहबद्दल: दीर दीड महिन्याने परत जातील. ती मुलगी कुठे जाईल? दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेंड्रिक्स कराचीला शिकले, लग्न केलं, मुलं झाली, १९९६ मध्ये तलाक झाला, मग उघडपणे सांगितलं. दीनचं इतकं शिकलेल्या माणसाचं लग्नाने काही बदललं नाही.

तुमची झोप आणि मुलाची भूक, दोन्ही गेली आहेत असं पत्रावरून दिसतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दोघं जा. ते होईपर्यंत टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मुलगा जिवाचं काही बोलला तर त्याच दिवशी जायचं, जुम्म्याची वाट पाहायची नाही.

रोज्यात हार्मोनची गोळी चालते का? (मुरूड)

तोंडाने घेतली की रोजा मोडतो. सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येईल का हे डॉक्टर सांगतील. आता माझा प्रश्न: गोळ्या कुणी लिहून दिल्या? ‘इन्स्टाग्रामवरच्या एका दीदीने पाठवल्या’ हे उत्तर असेल तर रमजानची वाट न पाहता आजच थांब आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जाऊन रक्त तपासून घे. रक्तात गुठळी होते तेव्हा दीदी येत नाही.

पुढच्या महिन्यात दोहाला नोकरीवर जातोय. ही पुस्तकं फोनमध्ये नेली तर? (राजापूर)

नेऊ नका. ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ वरचा, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा निकाल भारतापुरता आहे, विमानात तुमच्याबरोबर बसत नाही. आखातातल्या बहुतेक देशांत पुरुषांमधले संबंध गुन्हा आहेत. कुवेतमध्ये ‘दुसऱ्या लिंगाची नक्कल’ हा गुन्हा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला, तो वाचून काहीजण हुरळले. रद्द झालं ते तेवढंच कलम. फोनमधली डेटिंग अॅप, फोटो, चॅट सगळं इथेच काढा. करारावर सही करण्याआधी तिथला कायदा माहीत असलेल्या वकिलाला विचारा, एजंटाला नव्हे.

माझा जन्म आंतरलिंगी शरीराचा. अब्बा गेल्यावर भाऊ म्हणतात, ‘तू ना मुलगा ना मुलगी, बागेत हिस्सा नाही.’ शरियतमध्ये असंच आहे का? (देवगड)

अजिबात नाही. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, किताबांत खुन्साच्या (आंतरलिंगी व्यक्तीच्या) वारशावर स्वतंत्र चर्चा आहे, शेकडो वर्षांपासून. शाफई मसलकप्रमाणे मुलगा धरून आणि मुलगी धरून असे दोन हिशेब मांडतात. कमी येईल तो हिस्सा लगेच द्यायचा, वादाचा भाग राखून ठेवायचा. म्हणजे बापाच्या बागेत मुलीचा हिस्सा तुमचा आहेच, भांडण फक्त त्याच्या वरच्या भागाचं. (हे खुन्सासाठी, ट्रान्स व्यक्तींना सरसकट लावू नका.) पण किताब दाखवून सातबारा बदलत नाही. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीची मुदत चालू होते. नोटीस ‘गेल्या रमजानमध्ये आली होती’ असं तुम्ही तळटीपेत लिहिलंय! हे वाचून संपवायच्या आधी वकिलाला फोन करा.

आपल्यासारख्यांना भेटायचं कुठे? असा कुणी इमाम आहे का? (रत्नागिरी)

मुंबईत हमसफर ट्रस्ट, १९९४ पासून. मुसलमानांसाठी म्हणाल तर द क्वीर मुस्लिम प्रोजेक्ट, २०१७ पासून, बहुतांश काम ऑनलाइन. इमाम होते: वर सांगितलेले मुहसिन हेंड्रिक्स. त्यांच्या केपटाऊनचे मुसलमानही बहुतांश शाफई, आपल्यासारखेच. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांना गोळ्या घालून मारलं. म्हणून म्हणते, अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटताना गर्दीच्या जागी, दिवसाउजेडी, आणि एका मैत्रिणीला सांगून.

पुस्तक मागवलं तर पार्सल अम्मी उघडते. काय करू? (खेड)

मागवू नकोस. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे ना? कॉलेजच्या ग्रंथालयातही नोंदवहीत नाव लागतं आणि खेडमध्ये सगळे सगळ्यांचे चुलते. घरात हे कधी, कुणाला आणि सांगायचं की नाही, हे आधी समुपदेशकाबरोबर बसून ठरव. पुस्तक तोवर थांबेल.