वाचकांचे प्रश्न : १४५३ च्या आधीच पोथ्या निघाल्या होत्या

प्रश्न : शाळेत शिकलो की १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, तिथले विद्वान ग्रीक पोथ्या काखोटीला मारून इटलीत पळाले आणि प्रबोधन सुरू झालं. खरंच असं झालं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मार्क मिळवायला ठीक आहे, पण तारखा बघा ना. इटालियन कवी पेट्रार्कला व्हेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची पत्रं सापडली १३४५ ला, आणि ग्रीक शिकवायला फ्लॉरेन्सने क्रायसोलोरास या ग्रीक विद्वानाला कॉन्स्टॅन्टिनोपलहून रीतसर बोलावून घेतलं तेही १३९७ ला, शहर पडायच्या पन्नासेक वर्षं आधी.

लॅटिन पोथ्या तर युरोपातच मठांमध्ये धूळ खात पडल्या होत्या. पोज्जो ब्राच्चोलिनी हा पोपचा सेक्रेटरी, कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत १४१५ ला पोपचीच उचलबांगडी झाली, मग याला रिकामा वेळच वेळ, लागला आसपासचे मठ धुंडाळायला. सेंट गॅलनच्या मठात १४१६ मध्ये रोमन शिक्षक क्विंटिलियनचा वक्तृत्वावरचा अख्खा ग्रंथ मिळाला, तोही बुरुजाच्या तळाशी अशा घाणेरड्या अंधाऱ्या जागेत की फाशीच्या कैद्यालाही तिथे कोणी टाकणार नाही, असं त्यानेच पत्रात लिहिलंय. वर्षभरात रोमन कवी ल्युक्रेशियसचं काव्य हाती लागलं. ल्युक्रेशियसचं म्हणणं, सगळं जग अणूंचं, आत्मा शरीराबरोबरच संपतो आणि देव आपल्या भानगडीत पडत नाहीत. आणि हे बाहेर कोणी काढलं, तर पोपच्या नोकराने! पुढे राजकारणावर लिहिणाऱ्या मॅकियाव्हेलीने या काव्याची स्वतःच्या हाताने नक्कल करून ठेवली होती, बाकी काय ते समजून घ्या.

आता गंमत ऐका. फ्लॉरेन्सचा सत्ताधारी कोसिमो मेदिचीने फिचिनो या विद्वानाला प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेवून आधी हर्मिस या पौराणिक ज्ञानी पुरुषाच्या नावावरच्या पोथ्या करायला लावल्या, कारण त्या प्लेटोच्याही कितीतरी आधीच्या, इजिप्तमधल्या, असा समज. १४६३ ला भाषांतर तयार झालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, ब्रूनोसारखे तत्त्वज्ञ त्यावर पोसले, आणि १६१४ ला कासोबोन या भाषापंडिताने दाखवून दिलं की हे लिखाण ख्रिस्तानंतरचं आहे. म्हणजे चुकीच्या तारखेच्या पोथीनेही विचार घडवलेच की.

१४५३ अगदीच फुकट नाही हं. मूळचा ग्रीक कार्डिनल (चर्चचा बडा धर्माधिकारी) बेसारिओन त्याआधीच इटलीत आलेला, पण शहर पडल्यावर ग्रीक वाङ्मय आता बुडणार म्हणून तो हस्तलिखितं गोळा करायच्या मागेच लागला, आणि १४६८ ला सगळा साठा व्हेनिसला देऊन टाकला. तिथल्या मार्चियाना ग्रंथालयाचा पाया तोच.