अमेरिकेतल्या क्लासिक रॉक रेडिओवर रोज तीच तीच गाणी का लागतात? तिथल्या आरजेंना दुसरी गाणी ठाऊकच नसतात का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत येऊन चार महिने झाले, ऑफिसला जाता-येता गाडीत क्लासिक रॉक, म्हणजे साधारण साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या रॉक गाण्यांचं, स्टेशन लावता, आणि त्याच वीस-पंचवीस गाण्यांचा आता वीट आलाय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात त्या माणसांवर अन्याय होतोय. त्यांना गाणी ठाऊक असतात, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण कोणतं गाणं लावायचं हे ती ठरवत नाहीत. प्रोग्रॅम डायरेक्टरने मंजूर केलेली यादी असते, सॉफ्टवेअर त्यातून दिवसभराचा क्रम लावून देतं, आणि स्क्रीनवर जे येईल त्याच्या आगेमागे दहा-वीस सेकंद बोलायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं.

ही यादी कशी ठरते ते मी एकदा आत बसून पाहिलंय. २००४ च्या सुमारास मला रेडिओसाठी गाण्यांची चाचणी घेणाऱ्यांचा फोन आला. वय किती, गाडीत कोणतं स्टेशन लावता, असं विचारून झाल्यावर त्यांनी एका संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं. शंभरेक लोक होते, बहुतेक चाळिशीतले पुरुष. प्रत्येकाला पेन्सिल आणि आकड्यांनी भरलेले कागद दिले. मग स्पीकरवरून गाण्यांचे तुकडे सुरू झाले. प्रत्येक तुकडा सात-आठ सेकंदांचा, गाण्यातला सगळ्यात ओळखीचा भाग. ह्याला ते हुक म्हणतात. एक ते पाच गुण द्यायचे. शिवाय दोन चौकटी होत्या: ‘कधी ऐकलं नाही’ आणि ‘ऐकून ऐकून कंटाळलो’. मधे एकदा कॉफी, आणि तास-दोन तासांत सहाशेच्या आसपास तुकडे. दोनशेच्या पुढे माझा हात आपोआप चालायला लागला होता.

तेवढ्यात ट्रॅफिक ह्या बँडचं एक गाणं आलं. मूळ गाणं जवळजवळ बारा मिनिटांचं. पियानो आणि सॅक्सोफोन हळूहळू एकमेकांत मिसळत जातात, घाई कुठेच नाही. पुण्यात हॉस्टेलवर मित्राने ते मला कॅसेटवर ऐकवलं होतं आणि त्या रात्री आम्ही ते तीनदा लावलं होतं. हॉलमध्ये त्याचे सात सेकंद वाजले. मी पाच गुण दिले आणि सहज शेजारी पाहिलं. डाव्या बाजूच्या माणसाने ‘कधी ऐकलं नाही’वर खूण केली होती, उजवीकडच्याने दोन गुण दिले होते. त्या गाण्याचा निकाल तिथेच लागला हे मला कळलं, आणि खरंच वाईट वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या हॉलमध्ये आहे. अशा चाचणीत काही लोकांना जीव की प्राण असलेलं गाणं टिकत नाही. कुणालाच खटकत नाही ते टिकतं. आणि एकदा यादीबाहेर गेलेलं गाणं परत येणं अवघड, कारण लोकांनी ऐकलेलं नाही म्हणून ते लावत नाहीत, आणि लावत नाहीत म्हणून पुढची पिढी ते ऐकतच नाही. २०१४ मध्ये ‘फाइव्हथर्टीएट’ ह्या आकडेवारीवर आधारित बातम्या देणाऱ्या अमेरिकी वेबसाइटने पंचवीस मोठ्या क्लासिक रॉक स्टेशनांवर काय वाजतं त्याची मोजदाद केली होती. जे काही वाजलं त्यातला जवळजवळ निम्मा वाटा फक्त २५ कलाकारांचा निघाला.

दुसरं कारण श्रोत्यांच्या मोजणीचं. २००७ पासून मोठ्या शहरांत पीपल मीटर आले. निवडक लोक ते छोटं यंत्र कमरेला लावून हिंडतात आणि कानावर कोणतं स्टेशन पडलं ते त्यात नोंदलं जातं. पंधरा मिनिटांच्या खणात तीन मिनिटं (२०२५ च्या आधी पाच) ऐकलं तर तो खण स्टेशनच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे सगळी आखणी गाडीत दहा-पंधरा मिनिटं बसणाऱ्यासाठी होते, आणि अनोळखी गाणं किंवा लांबलेल्या गप्पा म्हणजे श्रोता पळण्याचा धोका. तुम्ही रोज दोन तास ऐकता, म्हणून तुम्हालाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

हे नेहमीच असं नव्हतं, म्हणून तर मला त्याची चुटपुट लागते. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स ह्या स्टेशनवर आरजे टॉम डोनाह्यू आणि त्याचे सहकारी मनाला येईल त्या क्रमाने लांबलचक रेकॉर्डी लावायचे. सत्तरच्या दशकात ली अब्राम्ससारखे सल्लागार श्रोत्यांचा अभ्यास घेऊन आले आणि याद्या आखडत गेल्या. १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यूवर फ्रेड जेकब्जने फक्त जुन्या ओळखीच्या रॉक गाण्यांचा साचा बसवला. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवावीत ह्याची मर्यादाच काढून टाकली. पुढे एका कंपनीकडे हजाराच्या वर स्टेशनं जमली, आणि एकच आरजे एका खोलीत बसून चार-पाच शहरांसाठी बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवू लागला. ह्याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. तुम्हाला ‘आज काय पाऊस आहे!’ असं कधी ऐकू येत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच.

लॉस एंजेलिसच्या केएलओएसवरचा जिम लॅड स्वतः गाणी निवडणाऱ्या जवळजवळ शेवटच्या मोठ्या आरजेंपैकी. एकाच विषयाभोवतीची गाणी तो अशी ओवायचा की मधे बोलायची गरजच पडायची नाही. २०११ मध्ये स्टेशनची मालकी बदलली आणि त्याची नोकरी गेली. मग तो सॅटेलाइट रेडिओवर डीप ट्रॅक्स ह्या चॅनेलवर गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वारला. त्याचे जुने कार्यक्रम मिळाले तर जरूर ऐका.

आता तुम्ही काय करायचं? डायल डावीकडे न्या. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा इथे बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखून ठेवलाय. न्यू जर्सीत तुम्हाला ९१.१ वर जर्सी सिटीचं डब्ल्यूएफएमयू लागेल, तिथे प्रत्येक आरजे आपली गाणी आपण निवडतो. ९०.७ वर फोर्डम विद्यापीठाचं डब्ल्यूएफयूव्ही आहे. काही गाणी आवडणार नाहीत, काही तर अजिबात सहन होणार नाहीत. तरी आठवडाभर ठेवून बघा. चार-पाच गाणी झाली की निवेदक थांबून सगळ्यांची नावं सांगतो, कोण गातंय, कुठल्या रेकॉर्डमधलं. विविधभारतीवर गीतकार-संगीतकारांची नावं ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात पहिल्याच दिवशी घरचं वाटतं. मी गाडीत पेन ठेवतो आणि सिग्नलला थांबलो की पावतीच्या मागे नाव लिहून घेतो.