दिरांना पैसे दिले, मला मेसेजवरून कळलं

पत्र : ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबडच्या कंपनीत आहेत. घरखर्चाला महिन्याला १५ हजार हातात देतात आणि महिनाअखेर किराणा, दूध, भाजी सगळ्याचा हिशेब मागतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज दिसला, निफाडला दिरांच्या खात्यात ४० हजार गेले होते. विचारलं तर म्हणाले, ‘माझ्या भावाला दिले, तुला काय करायचंय?’ तेव्हापासून अबोला आहे. क्रेडिट कार्डाचं बिल थकलंय, दोन महिने नुसतं मिनिमम भरतात. मीही गल्लीतल्या भिशीत दोन हजार टाकते, ते त्यांना माहीत नाही. काय करू?

उत्तर : आधी अबोला सोडा. रागावायचं असेल तर बोलून रागवा.

अर्धा किलो भेंडीचा हिशेब द्यायचा आणि ४० हजारांची गोष्ट कानावरही येऊ नये, हे कुणालाही झोंबेल. पण पैसे कधी गेले तेही बघा. दिरांची द्राक्षबाग असेल, तर हे गोडी छाटणीचे, म्हणजे फळ धरायला वेली छाटण्याचे दिवस. छाटणी, मजुरी, औषधं, फवारण्या, सगळा खर्च आत्ता. पैसा दिसतो तो माल निघाल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये, तोही मध्ये अवकाळीने गाठलं नाही आणि व्यापारी पैसे बुडवून पळाला नाही तर. निफाडच्या घरात वाढलेल्या माणसाला या दिवसांत भावाला नाही म्हणणं जड जातं. बायकोला सांगणं त्याहून जड, कारण तिथे ‘का दिले’ हा प्रश्न ठरलेलाच. त्यांनी लपवलं ते चुकलंच. पण नुसतं तेवढंच धरून बसलात तर भांडण सासर-माहेरावर जाईल आणि कार्ड तसंच राहील.

मला खरी काळजी त्या कार्डाची वाटते. मिनिमम भरलं की लेट फी टळते, व्याज टळत नाही. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला तीन ते साडेतीन टक्के असतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय बाकी थकलेली असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. उद्या कार्डावर किराणा भरलात तर त्याचंही व्याज त्याच दिवसापासून सुरू. भावाला दिले बिनव्याजी आणि आपल्या घरात मात्र सावकारी दर, असं झालंय हे. हे त्यांना आकडा दाखवून सांगा, टोमणा मारून नको.

बोलायला सुट्टीचा दिवस निवडा. ते शिफ्ट करून आलेले असताना नको, सासूबाई आणि मुलांसमोर तर नकोच. सोमेश्वरच्या देवळाकडे जा, चहा घ्या, आणि भिशीचं तुम्ही आधी सांगा. ओरडतील थोडे. ओरडू द्या, तुमचं लपलेलं बाहेर आल्याशिवाय त्यांचं मागायला तोंड राहत नाही. मग म्हणा, ‘भावाला दिलेत त्याला माझी ना नाही. कार्डाची बाकी किती आहे, ती आज दोघं मिळून बघू.’ ‘तुमच्या घरचे’ हे शब्द ओठांवर आले तर गिळा.

त्या दिवशी दोनच गोष्टी ठरवा. एक, कार्ड पूर्ण फिटेपर्यंत ते कपाटात, आणि भिशी लागली तर ती रक्कम आधी तिकडे. दोन, पाच हजार म्हणा की दहा, त्यावरचा कुठलाही खर्च किंवा उसनवारी करण्याआधी दुसऱ्याला सांगायचं. परवानगी नव्हे, फक्त सांगायचं. दोघांनाही तोच नियम. भाजीच्या हिशेबाचा वाद पुढच्या महिन्यावर ढकला, एका दिवसात सगळं मिटत नसतं.

दिरांना मात्र तुम्ही फोन करू नका. पैसे केव्हा परत येणार हे भावाभावांतच बोललं जाऊ द्या, आणि काय ठरलं ते मिस्टरांनी तुम्हाला घरी येऊन सांगायचं.