मस्कतला राहताय तर पाण्यात कुठे, कधी आणि कसं उतरायचं

दादा, तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून नुकतेच मस्कतच्या गुब्रा भागात राहायला आलात, मुलं ८ आणि १२ वर्षांची, दोघांना पूलमधे बऱ्यापैकी पोहता येतं, तुम्ही गावाकडे विहिरीत शिकलात, वहिनींना अजिबात येत नाही आणि पाण्याची धास्ती आहे. आणि तुम्हाला विचारायचंय की क्लबची मेंबरशिप घ्यावी का, स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून वरूनच मासे बघणं) आणि स्कूबा (हवेची टाकी घेऊन खाली जाणं) कुठे करावं, बायकांच्या कपड्यांचं काय आणि वाद्यांमधे, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ओढ्यांच्या दऱ्यांमधे, जाणं सेफ आहे का. मी मस्कतमधे बरीच वर्षं आहे, माझी मुलं इथल्याच पाण्यात वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंबरशिप आत्ता घेऊ नका. एक अख्खा हिवाळा जाऊ दे, तुमचं कुटुंब कशात रमतंय ते कळेल, मग पैसे घाला. शिकण्यापुरता बिल्डिंगचा पूल पुरतो, नसेल तर बौशरच्या सुलतान काबूस स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समधे मोठा पूल आहे, तिथे बायकांसाठी वेगळ्या वेळा कोणत्या आहेत ते जाऊन विचारा. बाकी तुमच्या घरापासून गाडीने तासाभरात इतका सुंदर समुद्र आहे की बंद आवारातल्या पाण्यासाठी वर्षाची फी भरायची गरज सहसा पडत नाही.

पण समुद्राच्या आधी वहिनी. हे मी मुद्दाम वर घेतेय, कारण आपल्या लोकांमधे काय होतं की नवरा आणि मुलं पाण्यात आणि बाई काठावर टॉवेल, डबे आणि मोबाईल सांभाळत बसलेली, आणि बोटीची ट्रिप ठरली की "तू वर बस, फोटो काढ". असं करू नका हो. ३५-४० व्या वर्षी पोहायला येतं, अगदी नीट येतं, फक्त मुलांना शिकवतात तसं शिकवून येत नाही. कोचला पहिल्याच दिवशी सांगा की स्ट्रोक नंतर, आधी श्वास आणि तरंगणं. छातीएवढ्या पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून हळूहळू हवा सोडत राहायचं, बुडबुडे संपले की वर. बहुतेक मोठी माणसं श्वास कोंडून ठेवतात, मग तोंड वर काढल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला जातात आणि तिथेच घाबरतात. हे जमलं की पाठीवर तरंगणं. त्यात कान पाण्यात गेले पाहिजेत, हनुवटी वर आणि नजर छताकडे. मान उचलली की कंबर बुडते, आणि कंबर बुडली की बाई हातपाय झाडायला लागते, म्हणून कोचने सुरुवातीला मानेखाली नुसता एक हात ठेवला तरी पुरतो. ओळखीच्या कितीतरी जणी अशा शिकल्यात, सहावारीशिवाय घराबाहेर न पडलेल्या एक मावशीसुद्धा. खोल पाण्यात काही न धरता दहा मिनिटं शांतपणे तरंगता आलं की बोटीच्या ट्रिपला जायला हरकत नाही, फ्रीस्टाइल देखणी होईपर्यंत थांबू नका.

आता तुमचं. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्या माणसाला खोलीची भीती नसते, सूर मारता येतो, दम असतो, हे सगळं खरं. पण विहिरीचं पाणी तुम्हाला कुठे घेऊन जात नाही आणि समुद्र नेतो. परतीची लाट एखाद्या पट्ट्यातून आत ओढायला लागली तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं आणि मग वळायचं, दम कमी पडतोय वाटलं तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. आणि वारा बघायला शिका. इथे भल्या पहाटे वारा बऱ्याचदा जमिनीवरून समुद्राकडे असतो आणि दुपारी उलटा फिरतो, त्यामुळे सकाळी पाणी काचेसारखं दिसतं आणि मुलं हवेचे फ्लेमिंगो नाहीतर पॅडलबोर्ड घेऊन उतरतात आणि बघता बघता लांब जातात, म्हणून फुगवलेली खेळणी समुद्रावर नेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर लाइफगार्ड असेलच असंही धरून चालू नका.

महिन्यांचं गणित समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यावर बसतं. मस्कतसमोरचा ओमानचा समुद्र आणि खाली मसिरा-सलालाहकडचा अरबी समुद्र यांचा स्वभाव वेगळा आहे. आपल्याकडे कोकणात जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात ना, तोच मान्सूनचा वारा तिकडे ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर आपटतो, त्यालाच इथे खरीफ म्हणतात. त्या दिवसांत मस्कतच्या बाजूला मात्र बऱ्याचदा बोटी चालू असतात, प्रॉब्लेम उन्हाचा असतो, पाणी वर कोमट आणि डाइव्हिंगला खाली गेलात की अचानक गार थर लागतो. ऑक्टोबर ते मे हा आपल्यासारख्या कुटुंबांचा सीझन. त्यातही फेब्रुवारी-मार्चच्या आसपास पाणी कधीकधी हिरवं गढूळ होतं, नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे, तेव्हा स्नॉर्केलिंगमधे काही दिसत नाही, पण रात्री तेच पाणी हलवलं की निळं चमकतं, मुलांना नक्की दाखवा. लाल-तपकिरी आणि वास मारणारं पाणी दिसलं तर मात्र उतरू नका. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास चक्रीवादळांच्या बातम्यांवर लक्ष ठेवा, २००७ चं गोनू जूनमधे आलं होतं आणि २०२१ चं शाहीन ऑक्टोबरमधे. वादळानंतर ओळखीचा किनारासुद्धा आतून बदललेला असतो.

आता जागा. रोजच्यासाठी कुरुम आणि अझैबाचा वाळूचा किनारा, चालायला, लाटांमधे खेळायला मस्त, मासे बघायला नाही. पोहताना कमरेला बांधायचा नारिंगी फ्लोट घ्या, जेट स्कीवाल्यांना नुसतं डोकं दिसत नाही. मुलांचं पहिलं स्नॉर्केलिंग कंताब किंवा अस सिफाच्या बाजूला करा, दोन्हीकडे खडकांच्या कडेनं मासे दिसतात, उथळ आहे, फक्त पायात वॉटर शूज पाहिजेतच. तिथे काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन असतात आणि स्टोनफिश तर दगडासारखाच दिसतो. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. जेलीफिश लागला तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, बाटलीतलं गोडं पाणी ओतायचं नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे बंदर खैरान. डोंगर सरळ समुद्रात उतरलेत आणि त्यांच्यामधे पाण्याच्या चिंचोळ्या वाटा, आत खारफुटी, कडेला कोरल. इथे कायाक सगळ्यात छान, कारण लाट जवळपास नसते, आणि वहिनींना लाइफ जॅकेट घालून पहिल्यांदा खोल पाण्यावर न्यायचं तर हीच जागा. तिथून जवळ ओमानच्या नौदलाचं अल मुनस्सिर हे जहाज २००३ मधे मुद्दाम बुडवून ठेवलंय, त्याच्यावर आता सगळीकडे जीव वाढलेत, पण ते डाइव्हर्ससाठी, पुढे कधीतरी.

आणि मग दायमानियात बेटं. हे ओमानमधलं माझं सगळ्यात लाडकं पाणी. सीब-बरकासमोर ९ बेटांचा समूह, १९९६ पासून राखीव आहे, परमिटशिवाय जाता येत नाही, ते बोटवालेच काढतात, तुम्ही फक्त बुक करताना परमिट धरून पैसे सांगताय ना ते विचारा. अल मूज मरीनावरून स्पीडबोटनं साधारण तासाभराच्या आत पोचता. मे ते ऑक्टोबर कासवं अंडी घालतात म्हणून बेटांवर पाय ठेवायला बंदी असते, पाण्यात मात्र उतरता येतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास नशीब असेल तर व्हेल शार्क दिसतो. हॉक्सबिल आणि ग्रीन टर्टल तर इतके जवळून दिसतात की मुलांना आधीच बजावून ठेवा, हात लावायचा नाही, वरून झाकायचं नाही, ते श्वास घ्यायला वर येतात तेव्हा वाट मोकळी ठेवायची. शंख-कोरल उचलायचं नाही, हे राखीव क्षेत्र आहे.

तिथे उतरण्याआधी मास्क घरीच बघून घ्या, ट्रिप खराब व्हायचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं हलकी हवा ओढायची आणि हात सोडायचा, पडला नाही तर बसतोय. मुलींचे कपाळावरचे केस सिलिकॉनच्या कडेखाली राहिले की पाणी शिरतं. आणि दादा, तुम्हाला मिशी असेल तर ओठाच्या वरच्या बाजूनं पाणी येणार, नाकाखाली थोडी पट्टी साफ करा नाहीतर दर दोन मिनिटांनी मास्क रिकामा करायला लागेल. अख्खा चेहरा झाकणारे स्वस्त मास्क मात्र मुलांना नको, आत पाणी गेलं तर पटकन काढता येत नाहीत. बोटीवरून उतरल्यावर आधी गाईडला विचारा प्रवाह कुठल्या बाजूला आहे, आणि जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं जातं.

स्कूबाचं म्हणाल तर १० वर्षं पूर्ण झाली की ज्युनिअर कोर्स करता येतो, म्हणजे मोठ्याला चालेल, धाकट्याला थांबू दे. ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स, त्याची मर्यादा १८ मीटर. तारकर्लीला हौस म्हणून एकदा खाली नेतात ते आणि हा कोर्स वेगळा, इथे तुम्हाला स्वतःची हवा, स्वतःचं तरंगणं स्वतः सांभाळायला शिकवतात, त्यामुळे घाईचं पॅकेज घेऊ नका. फॉर्मवर दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन काहीही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरची सही आणा. एक गोष्ट इथे नवीन आलेल्यांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. डाइव्ह करून लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर १८. पण लाँग वीकेंडला लोक सकाळी डाइव्ह करतात आणि संध्याकाळी जबल अखदरच्या डोंगरावर मुक्कामाला जातात. तिथलं सैकचं पठार २००० मीटरच्या आसपास आहे, शरीराला ते विमानासारखंच. डोंगर आधी करा, समुद्र शेवटी, आणि मुंबईची फ्लाइट त्याच रात्रीची असेल तर डाइव्ह नकोच.

सेलिंग मुलांना आवडेल, इथे २००८ पासून ओमान सेल ही संस्था आहे, मुलांना होडी हाकायला शिकवतात, धाकट्यासाठी मी स्कूबापेक्षा तेच सुचवीन. काइटसर्फिंग मसिरा-अश्खरा बाजूला, तेही खरीफच्या वाऱ्यात, ते नवशिक्यांचं काम नाही.

सलालाहला खरीफमधे सगळेच जातात, तुम्हीही जाल, जा. हिरवं बघा, धुकं बघा, नारळपाणी प्या, पण समुद्रात पाऊल टाकू नका आणि तिथल्या मुघसैलच्या किनाऱ्यावर कठड्याच्या पलीकडे जाऊ नका. २०२२ च्या जुलैत तिथे कठड्यापलीकडे गेलेली माणसं लाटेनं ओढून नेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या एका कुटुंबातला बाप आणि दोन लेकरं होती. फोटोसाठी दोन पावलं पुढे, बास तेवढंच. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. सार्वजनिक किनाऱ्यावर आणि वाद्यांमधे पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा अंगाला बसणारा टीशर्ट) आणि लेगिंग्ज, स्विमिंगच्या कापडाचे, म्हणजे ऊनही लागत नाही आणि कुणाला खटकतही नाही. कॉटनचा कुर्ता किंवा ओढणी घालून पाण्यात मात्र नको, भिजल्यावर ओढतं. हॉटेलच्या बीचवर स्विमसूट चालतो.

राहिल्या वाद्या. वादी शाबला आधी एक रियाल देऊन होडीनं पलीकडे जायचं, मग पाऊण तास दगडातून चालायचं आणि शेवटचा टप्पा पोहूनच, खोल डोहांतून, आणि अगदी शेवटी खडकाच्या फटीतून डोकं तेवढं पाण्यावर ठेवून आत गेलं की गुहेत धबधबा. अप्रतिम आहे, पण तिथे पाय टेकत नाहीत, येताना माणूस दमलेला असतो, आणि न पोहता येणारी माणसं मित्रांच्या आग्रहाखातर उतरतात. चौघांनाही जॅकेट, अगदी तुम्हालासुद्धा. वहिनींसाठी पहिल्यांदा वादी बनी खालिद बरी, तिथे गाडीपासून डोह जवळ आहे. धरणाच्या पाण्यात कुठेही उतरू नका. आणि निघायच्या आधी हवामान बघा, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की वादी काही मिनिटांत भरते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या वाहून यायला लागल्या की सामान सोडून उंचावर चढायचं, आणि वाहत्या वादीत गाडी घालायची नाही, त्याला इथे दंड आणि कैद दोन्ही आहे. इमर्जन्सी नंबर ९९९९, पण वादी शाबच्या आत मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, म्हणून मस्कतमधल्या कुणालातरी कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत फोन करू ते सांगूनच निघा.