वाचक विचारतात: अनुस्वार धुरकट दिसतोय, केबल बदलू का?

प्रश्न: सर, आमचं महाद्वार रोडजवळ डीटीपीचं छोटं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलं सगळं. जुना मॉनिटर गेला म्हणून २२ इंची फुल एचडी नवा आणला, कॉम्प्युटर तोच जुना. निळ्या टोकाच्या जुन्या केबलनं जोडलाय, तर अक्षरं लय धुरकट दिसत्यात, अनुस्वार आहे का नाही तेच कळत नाही, परवा पत्रिकेत 'कुटुंब'चं 'कुटुब' छापून गेलं आणि पार्टीनं दुकानात येऊन झापलं. दुकानदार म्हणतो केबलनं काय फरक पडत नाही. मॉनिटरला एचडीएमआय आहे पण कॉम्प्युटरला ते नाहीच, व्हीजीए आणि पांढरं मोठं डीव्हीआय आहे. काय करू?

उत्तर: फरक पडतो ओ, आणि तुमच्या कामात तर जास्तच. ती निळ्या टोकाची १५ पिनांची व्हीजीए, आयबीएमनं १९८७ ला आणलेली, तेव्हा डबड्यासारखे काचेचे मॉनिटर होते आणि त्यांना अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग कमीजास्त होणारा सिग्नलच लागायचा. आता कॉम्प्युटर डिजिटल, म्हणजे आकड्यांत चालणारा, मॉनिटर पण आतून डिजिटल, आणि मधे अ‍ॅनालॉग. म्हणजे पत्रिकेची फाईल पेनड्राइव्हवर द्यायची सोडून प्रिंट काढायची, ती परत स्कॅन करायची आणि मग छापायची, तसलं झालं. एक ठिपका कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे मॉनिटरला अंदाजानं ठरवावं लागतं, फुल एचडीला असे २० लाखांवर ठिपके, तेही सेकंदाला ६० वेळा.

हा अंदाज चुकतो तो आडव्या दिशेनं, म्हणून आपल्या लिपीत एक सोपी परीक्षा आहे. मोठा मजकूर उघडा आणि नीट बघा, शिरोरेघ स्वच्छ असेल पण कान्याला सावली येत असेल तर दोष सिग्नलचा. शिरोरेघ आणि काना दोन्ही पिठूळ असतील तर आधी सेटिंगमधे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० आहे का बघा, बऱ्याचदा तिथंच गाडी अडकलेली असते.

सिग्नलचाच दोष निघाला तर मजकुराचं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर ठेवून मॉनिटरचं ऑटो बटण दाबा (काहींत ते मेनूत असतं), फुकटात निम्मं काम होतं. पण तुम्ही दिवसभर अक्षरंच बघणार, तेव्हा डीव्हीआय टू एचडीएमआय केबल घ्याच. दोन्हीतला चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, त्यामुळं मधे डबी-बिबी काही लागत नाही, साधी केबल बास. फक्त डीव्हीआयच्या टोकाला चपट्या पट्टीभोवती चार जादा पिना नसलेली बघून घ्या, त्या असल्या तर काही सॉकेटात बसतच नाही.

दुकानदार व्हीजीएचं एचडीएमआय करणारी डबी गळ्यात मारायला बघंल, घेऊ नका, ती अ‍ॅनालॉगच उचलून त्याचंच डिजिटल करून पुढं देते, झालेला धुरकटपणा कुठला जाणार. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलीचा पण नाद सोडा, दीड मीटरला साधी चालते. आणि छपाईचे रंग स्क्रीनशी जुळतील ही आशा केबलीकडनं ठेवू नका, ते दुखणं वेगळं आहे.

प्रश्न: राजारामपुरीतनं लिहितोय. व्हीजीए काढून एचडीएमआय लावली, चित्र झकास, पण स्पीकरचा आवाज गेला. केबल खराब निघाली का?

उत्तर: केबल चांगली आहे, म्हणूनच हे झालंय. एचडीएमआयमधनं आवाज पण जातो, व्हीजीएमधनं जात नव्हता, त्यामुळं विंडोजनं आवाज मॉनिटरकडं वळवला असणार आणि तुमच्या मॉनिटरला स्पीकर नसतील. खाली उजवीकडं आवाजाच्या चिन्हावर क्लिक करून परत जुने स्पीकर निवडा.